दोन सेंट आणि एक दुआ

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.ए.पर्यंत शिकलो, पुढे नोकरी केली आणि फावल्या वेळात मराठी कविता लिहीत राहिलो. तरी आज एका इतिहासाविषयी बोलावेसे वाटते. राजे-रजवाड्यांच्या पुस्तकात तो सापडत नाही. लहान मुलांनी पुठ्ठ्याच्या डबीत टाकलेली नाणी, त्यांनी हाताने शिवलेले रुमाल आणि ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसाचे झोपण्यापूर्वी प्रार्थनेत घेतलेले नाव, एवढ्यावर तो उभा आहे. चर्चच्या रविवारच्या शाळेत जाणाऱ्या मुलांचा हा इतिहास. माझी त्याच्याशी ओळख झाली ती मात्र रागातून.

साल १९७९ असावे. आमचे गाव अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. आमच्या तोंडी नुसते नगर. घर झेंडीगेटच्या बाजूला. अब्बांचे शिवणकामाचे छोटे दुकान होते. त्या वर्षी अम्माला क्षय झाला आणि तिला कित्येक महिने दवाखान्यात राहावे लागले. घरात अब्बा, दादी आणि आम्ही तीन भावंडे. माझ्या वर्गात ख्रिस्त गल्लीतला एक मुलगा होता, आम्ही एकाच बाकावर बसायचो. एकदा शाळा सुटल्यावर चालता चालता तो म्हणाला, "मी रोज रात्री तुझ्या अम्मीसाठी प्रार्थना करतो. माझ्या चिठ्ठीत तिचं नाव निघालंय."

मला काही कळेना. मग त्याने सगळे सांगितले. त्यांच्या शब्बाथ शाळेत (नगरकडे रविवारच्या शाळेला जुनी मंडळी असेच म्हणतात) बाईंनी दवाखान्यातल्या पेशंटांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली होती. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने त्या पेशंटसाठी वर्षभर प्रार्थना करायची. शिवाय मुलांनी घरी काहीतरी हाताने करायचे. कुणी कागदाचे तारे, कुणी चिंध्यांची बाहुली, कुणी कडेला टाके घातलेले रुमाल. हंगामाच्या सणाला चर्चमध्ये त्यांचा लिलाव व्हायचा आणि त्या पैशांतून पेशंटांना दूध-अंडी जायची. "तुझ्या अम्मीला सकाळी दूध मिळतं ना," तो मोठ्या आनंदाने म्हणाला, "त्यात माझ्या ताऱ्यांचे पण पैसे आहेत."

माझे कान तापले. घरी येऊन मी हे अब्बांना सांगितले. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणाचं देणं नव्हतं आपल्यावर आजवर." दुसऱ्या दिवशी मी बाक बदलला. दादी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तिने सगळे ऐकले. तिने पुढे काय केले ते शेवटी सांगतो. आधी त्या चिठ्ठीमागचा इतिहास सांगतो. तो मला फार उशिरा, वाचता वाचता सापडला.

मुलांनी विकत घेतलेले जहाज

ही रीत निघाली एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, इंग्लंड-अमेरिकेत. तिथे रविवारच्या शाळा गावोगावी पसरल्या होत्या. दूरदेशी काम करणाऱ्या मिशनांना पैसा लागत होता. मोठ्या देणगीदारांवर किती दिवस विसंबणार? कुणाच्या तरी लक्षात आले की, एक मूल फार थोडे देते, पण मुले लाखो आहेत.

जॉन विल्यम्स नावाचा इंग्रज मिशनरी प्रशांत महासागरातल्या बेटांवर काम करीत असे. १८३९ मध्ये एरोमांगा बेटावर त्याची हत्या झाली. हे बेट आजच्या वानुआतू देशात येते. त्यानंतर लंडन मिशनरी सोसायटीने मुलांना आवाहन केले की, बेटाबेटांवर जाण्यासाठी एक जहाज हवे आहे, ते तुम्ही द्या. मुलांनी पेनी-पेनी जमवून सहा हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी केली. १८४४ मध्ये 'जॉन विल्यम्स' नावाचे जहाज पाण्यात उतरले. पुढे त्याच नावाची आणखी जहाजे झाली आणि 'मुलांचे जहाज' अशीच त्यांची ख्याती राहिली.

अमेरिकेतल्या मंडळींनी त्याच्याही पुढची शक्कल काढली. अमेरिकन बोर्ड ही बोस्टनची मिशन संस्था. हिचेच लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते आणि १८३१ मध्ये नगरला आले होते. आपल्याकडे त्यांना 'अमेरिकन मराठी मिशन' म्हणत. या बोर्डाला १८५६ मध्ये मायक्रोनेशियाच्या बेटांसाठी जहाज हवे होते. त्यांनी मुलांना चक्क शेअर विकले. एक शेअर दहा सेंटचा. पैसे भरले की मुलाच्या नावाचा छापील दाखला मिळे. म्हणजे जहाजातला एक खिळा का होईना, पण आपला! मुलांनी मागितल्याहून कितीतरी जास्त, पंचवीस हजार डॉलरांवर रक्कम जमवली. 'मॉर्निंग स्टार' हे जहाज त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनहून निघाले आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून १८५७ मध्ये होनोलुलूला पोचले.

मुलांनी पैसे कुठून आणले? बहुतेकांच्या हातात खाऊचे पैसेही बेताचेच असत. म्हणून हातांना काम दिले गेले. मुली उशांचे अभ्रे, रुमाल, सुयांच्या पिशव्या शिवायच्या. मुलगे लाकडाची खेळणी कोरायचे, अंडी विकायचे, शेजाऱ्यांचे अंगण झाडायचे. चर्चच्या आवारात छोटा बाजार भरायचा. घरोघर पुठ्ठ्याच्या डब्या वाटलेल्या असत. बायबलमध्ये एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंतांनी मंदिराच्या पेटीत पुष्कळ टाकले, तिने आपल्याजवळच्या दोनच टोल्या टाकल्या आणि येशूने तिचे दान सर्वांत मोठे ठरवले. त्या टोल्यांवरूनच त्या डब्यांना नाव पडले होते.

डाव्या हाताला कळू नये

आता कुणालाही वाटेल, किती छान! पण या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती त्याच काळात एका मोठ्या लेखकाने दाखवली. चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाऊस' ही कादंबरी १८५२-५३ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यात मिसेस पार्डिगल नावाची एक बाई आहे. तिला पाच मुलगे. थोरला बारा वर्षांचा. त्याच्या खाऊच्या पैशातले पाच शिलिंग तीन पेन्स दूरच्या कुठल्यातरी आदिवासींना पाठवल्याचे ती अभिमानाने सांगते. पाठोपाठ बाकीच्यांच्याही देणग्या मोजून दाखवते. धाकटा पाच वर्षांचा आहे, त्याच्याकडून तिने जन्मात तंबाखूला न शिवण्याची शपथ घेतली आहे. आईची पाठ वळताच ही मुले पाहुणीला चिमटे काढतात आणि पैसे मागतात. त्यांच्या चेहऱ्यावर दानाचा आनंद नसतो, नुसता संताप असतो.

डिकन्सने बरोबर जागी बोट ठेवले होते. मुलाच्या खिशातून काढून घेतलेले दान हे आईचे दान असते, नाव फक्त मुलाचे. आणि नाव ही मोठी अवघड वस्तू आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण बायबलात आहे. आमच्याकडे हदीसमध्येही तीच आहे. दोन्ही धर्मांतल्या मुलांना लहानपणीच ती सांगितली जाते. मग दाखल्यावर छापलेले नाव, मासिकात छापलेली यादी, लिलावात मोठ्याने पुकारलेली बोली, हे कुठे बसवायचे? मदत गोळा करायची तर गाजावाजा लागतो आणि दानाला तर मुकेपण हवे. हा पेच त्या लोकांना सुटला नव्हता, आपल्यालाही सुटलेला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात देणगीदारांची नावे वाचली जातात तेव्हा मागच्या बाकावरची पोरे काय विचार करीत असतील, हे एकदा त्यांच्याजवळ बसून ऐकायला हवे.

पण या पद्धतीत नाव लपवणारीही एक गोष्ट होती. ती म्हणजे प्रार्थना.

आठवड्याला दोन सेंट

१८६९ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये मोजक्या बायका जमल्या. बाहेर मुसळधार पाऊस होता. त्यांतल्या दोघी हिंदुस्थानात राहून आलेल्या होत्या. इथल्या पडद्यातल्या बायकांना शाळा नाही, डॉक्टर नाही, हे त्यांनी सांगितले. त्या बैठकीतून बायकांची एक संस्था उभी राहिली. पुढे तिचे घोषवाक्य झाले ते असे की, आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. वर्षाचा हिशेब केला तर एक डॉलर आणि वर चार सेंट. मोलकरणीलाही परवडेल इतके. लवकरच या संस्थेने मुलांचेही गट काढले.

मला या घोषवाक्यातला 'आणि' महत्त्वाचा वाटतो. नुसते दोन सेंट दिले तर माणूस डबीत नाणे टाकून मोकळा होतो. प्रार्थना करायची तर कुणासाठी, हे ठाऊक असावे लागते. गावाचे नाव लागते, माणसाचे नाव लागते. मग भिंतीवरच्या नकाशात ते गाव शोधावे लागते. ज्याचे नाव रोज घेतो तो आजारी पडला की काळजी वाटते. आज चर्चच्या मंडळींत ज्याला 'प्रार्थना-सोबती' म्हणतात, म्हणजे दोघांनी एकमेकांसाठी किंवा एकाने दुसऱ्यासाठी नेमाने प्रार्थना करायची, त्याचे बीज इथे दिसते. हे काम एकांतात होते. त्याची पावती मिळत नाही आणि यादीही छापली जात नाही.

त्या दोन सेंटांचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी इझाबेला थोबर्न ही शिक्षिका आणि क्लारा स्वेन ही डॉक्टर अशा दोघी हिंदुस्थानकडे निघाल्या आणि १८७० च्या आरंभी पोचल्या. थोबर्नबाईंनी लखनौला अमीनाबादच्या बाजारात मूठभर मुलींची शाळा काढली. तिचे पुढे मोठे कॉलेज झाले. उर्दूतल्या इस्मत चुगताई आणि कुर्रतुल-ऐन हैदर या दोन थोर लेखिका त्याच कॉलेजात शिकल्या. बोस्टनच्या त्या बायकांना हे स्वप्नातही सुचले नसेल.

क्लारा स्वेनची गोष्ट तर मला फारच आवडते. तिला बरेलीला बायकांचा दवाखाना काढायचा होता आणि मिशनच्या शेजारची जागा रामपूरच्या नवाबाची होती. मिशनची मंडळी १८७१ मध्ये ती विकत मागायला गेली. नवाब कल्ब अली खान यांनी ती विकली नाही, दान दिली. तिथे १८७४ मध्ये बायकांचे इस्पितळ उघडले. अमेरिकेतल्या मेथडिस्ट बायकांचे सेंट आणि एका मुसलमान नवाबाची बाग, अशा दोहोंतून ते उभे राहिले. माझ्या अब्बांना ही गोष्ट त्या दिवशी ठाऊक असती तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटते.

उघडे दार

आता आपल्या घराकडे वळू. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे पावणेतीन वर्षे राहिल्या. हिंदू विधवांसाठी शाळा काढायची हा त्यांचा ध्यास. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. हिशेब तोच, आठवड्याला दोन सेंटांचा. या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. तिथे शिकलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

असोसिएशनने वचन दिले होते की, सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर दडपण येणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. त्या आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

मी या वादाकडे दोन्ही बाजूंनी पाहतो. रमाबाईंनी आपल्याच खोलीचे दार का लावून घ्यावे? पण ज्या बापाने विश्वासाने लेक ठेवली त्याची भीतीही खोटी नव्हती. जी बाई जेवू घालते तिची प्रार्थना नुसती प्रार्थना राहत नाही. तिच्यात अन्नाचे वजन मिसळते. अब्बांनी कात्री खाली ठेवली तेव्हा त्यांना हेच वाटले असणार. दूध आले, पाठोपाठ प्रार्थना आली. यापुढे काय येणार?

हंगाम नसलेली वर्षे

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन भयंकर दुष्काळ आले. नगर जिल्हा तर दुष्काळाचाच. माणसे रस्त्याच्या कडेला पडली. रमाबाई मध्य प्रांतातून, पुढे गुजरातेतून शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या आणि केडगावचे मुक्तिसदन भरून गेले. नगरला अमेरिकन मिशनच्या आवारात अनाथ पोरांची रीघ लागली. 'ख्रिश्चन हेराल्ड' या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने बरगड्या वर आलेल्या मुलांची छायाचित्रे छापून मदत मागितली. १९०० च्या मे महिन्यात 'क्विटो' नावाचे जहाज सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून निघाले आणि मुंबईला लागले. मदतीच्या वाटपात पुढे होते नगरचे रॉबर्ट ह्यूम. ते मिशनरी खरे, पण जन्म मुंबईचा.

मका एकदाच खाऊन संपतो. पोरांना तर वर्षानुवर्षे वाढवायचे होते. तेव्हा अमेरिकेतल्या रविवारच्या शाळांचे वर्ग एकेका मुलाचा खर्च उचलू लागले. वर्ग पैसे पाठवी, इकडून मुलाचे छायाचित्र आणि पत्र जाई. वर्गात ते भिंतीवर लागे आणि रविवारी त्या मुलाचे नाव घेऊन प्रार्थना होई.

या पोरांपैकी कित्येकांचा धर्म बदलला, नावेही बदलली. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. एरवी त्यांतली कित्येक जगली नसती, हेही झाकण्याचे कारण नाही. मला मात्र त्या छायाचित्राचा विचार छळतो. भिंतीवरच्या त्या पोराला आपण भिंतीवर आहोत हे ठाऊक होते का? समुद्रापलीकडची मुले रोज आपले नाव घेतात, हे कळल्यावर त्याला बरे वाटले असेल की माझ्यासारखे त्याचे कान तापले असतील?

पण नगर आणि केडगावच्या मुलांना नुसते हात पसरून बसवले नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. नगरला सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी दानशूराच्या नावाने मिशनची उद्योगशाळा होती. तिथे सुतारकाम, धातूकाम चाले. चर्चिल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने नगरलाच हातमागात सुधारणा केल्या. केडगावला मुली कापड विणीत, शिवण शिवीत, छापखाना चालवीत. रमाबाईंनी भाषांतर केलेले मराठी बायबल तिथल्याच बायकांच्या हातांनी छापले गेले. १९०५ च्या सुरुवातीला तिथे रोज सकाळी सत्तरेक जणी प्रार्थनेला जमू लागल्या. आता प्रार्थना करणाऱ्या त्या होत्या. ज्यांच्यासाठी बोस्टनमध्ये हात जोडले गेले होते, त्यांनी आपले हात दुसऱ्यांसाठी जोडले.

घेणारे जेव्हा देऊ लागतात

मला वाटते, या सगळ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. 'मॉर्निंग स्टार'चे शेअर घेणाऱ्यांत हवाई बेटांवरची मुलेही होती. हवाईला हेच मिशन १८२० मध्ये गेले होते. म्हणजे ज्यांच्या आजोबांसाठी अमेरिकेत पैसे गोळा झाले, त्यांच्या नातवंडांनी पुढच्या बेटांसाठी जहाजात भागी घेतली. मिझोरामच्या चर्चमधल्या बायकांनी एक रीत पाडली. प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे आणि ते मंडळीच्या कामाला द्यायचे. स्वतः गरीब असलेल्या लोकांनी आपल्या कामाचा खर्च त्या मुठीवर पेलला. ती रीत आजही चालू आहे.

आपल्याकडेही हा विचार परका नव्हता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत गावे पालथी घातली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड काढला. बायका दळणाआधी मूठभर धान्य वसतिगृहाच्या पोरांसाठी काढून ठेवीत. त्या वसतिगृहांत मराठ्याचे, महाराचे, मुसलमानाचे पोर एका पंगतीला जेवत होते. ज्याच्या घरून मूठ यायची त्याचेच पोर कदाचित दुसऱ्या गावच्या मुठीवर शिकत असे. इथे दाता कोण आणि याचक कोण, हे सांगता येत नाही. अशा दानात कुणाचे कान तापत नाहीत.

आता दादीची गोष्ट.

अब्बा रागावले, मी बाक बदलला. दादीने चार-आठ दिवस काही म्हटले नाही. मग एका संध्याकाळी दुकानातल्या कापडाच्या चिंध्यांचे गाठोडे तिने पुढ्यात ओढले आणि गोधडी शिवायला घेतली. दिसायचे कमी, म्हणून सुईत दोरा मी ओवून द्यायचो. कुणासाठी शिवतेस, विचारले तर सांगेना. तीन आठवड्यांनी गोधडी झाली. घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जा, तेरे दोस्त को दे. उनके लिलाव में रखने को बोल."

अब्बा म्हणाले, "अम्मा, हे कशाला?"

दादी म्हणाली, "दुआ का कर्जा रखते नहीं बेटा. फेडते."

मी गोधडी घेऊन ख्रिस्त गल्लीत गेलो. जाताना पाय जड झाले होते. मित्राच्या आईने दार उघडले, मला आत बोलावले, खायला दिले. मित्र काही बोलला नाही, फक्त गोधडीचा एकेक तुकडा बोटाने मोजत राहिला. हंगामाच्या सणाला मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चच्या आवारात शिरलो. कोंबड्या, वांगी, भोपळे, अंडी, मुलांनी केलेले तारे आणि बाहुल्या यांच्यामध्ये आमची गोधडी ठेवली होती. बोली एकोणीस रुपयांवर थांबली. कुणी घेतली ते मला दिसले नाही, गर्दी फार होती. ते एकोणीस रुपये दवाखान्यातल्या कुणाच्यातरी दुधाला गेले असतील. ते दूध अम्मानेच प्यायले की शेजारच्या खाटेवरच्या बाईने, कोण जाणे.

त्यानंतर दादीने मित्राला एकदा घरी बोलावले आणि त्याच्या आईचे नाव विचारले. दादी गेली तोवर, म्हणजे पुढची अकरा वर्षे, तिच्या मगरिबच्या नमाजनंतरच्या दुआत ते नाव होते. उच्चार तिला नीट जमत नसे. मी पहिल्याच दिवशी दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाली, "ऊपरवाले को समझता है."

अम्मा बरी होऊन घरी आली. ती इंजेक्शनांनी आणि गोळ्यांनी बरी झाली, डॉक्टरांच्या मेहनतीने झाली. प्रार्थनेने झाली, असे मी म्हणणार नाही. मात्र त्या वर्षी दोन घरांत एकमेकांची नावे रोज घेतली जात होती आणि त्या नावांनी जे केले ते औषधाच्या हातातले नव्हते. मी पुन्हा जुन्या बाकावर जाऊन बसलो.

आज मोबाइल काढला की पाच सेकंदांत कुठल्याही दुष्काळग्रस्ताला, पूरग्रस्ताला पैसे पाठवता येतात. हे चांगलेच आहे. कुणी हसू नये त्याला. पण घरातल्या मुलांना दान शिकवायचे असेल तर त्यांच्या वतीने आपणच पैसे पाठवून मोकळे होऊ नये. त्यांना हाताने काहीतरी करू द्यावे, मग तो वाकडातिकडा तारा का असेना. ज्याच्यासाठी करतो आहोत त्याचे नाव त्यांना ठाऊक असावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याला दिले त्यालाही काहीतरी परत देण्याची जागा ठेवावी. ती जागा ठेवली नाही तर घेणाऱ्याचे कान तापतात. मी तापलेले कान घेऊन चाललो आहे, म्हणून सांगतो.

तो मित्र आता नगरला नसतो. नाताळला त्याचा फोन येतो, ईदला मी करतो. बोलणे संपताना तो न चुकता विचारतो, "अम्मी कशी आहे?" अम्माला जाऊन आता सात वर्षे झाली, हे त्याला माहीत आहे. तरी तो विचारतो, कारण जिभेला ते नाव घ्यायची सवय झाली आहे. आणि मीही म्हणतो, "बरी आहे."

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)